समुद्रापलीकडचा ताशा

[कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद या बेटावर आपल्या देशातून गेलेल्या मजुरांची वस्ती कशी झाली, त्यांनी मोहरमची परंपरा कशी जपली आणि तेथील आफ्रिकी लोकांशी त्यांचे जीवन कसे जोडले गेले, याची माहिती या पाठात दिली आहे.]

'वेस्ट इंडीज' हे नाव तुम्ही क्रिकेटच्या सामन्यांत नेहमी ऐकता. पण नकाशात या नावाचा देश शोधू लागलात, तर तो सापडणार नाही. उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका यांच्यामध्ये कॅरिबियन समुद्र आहे. या समुद्रात लहानमोठी शेकडो बेटे आहेत. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद ही त्यांतली काही. आज त्यांपैकी अनेक बेटे स्वतंत्र देश आहेत. क्रिकेटच्या मैदानावर मात्र त्यांतील बरेच देश मिळून एकच संघ उतरवतात. १९५० साली या संघाने लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडचा पराभव केला. इंग्लंडच्या भूमीवर वेस्ट इंडीजचा हा पहिला कसोटी विजय. त्यात अकरा बळी घेणाऱ्या फिरकी गोलंदाजाचे नाव होते सनी रामाधीन. ते त्रिनिदादचे होते. रामाधीन हे तर आपल्याकडचे नाव! मग ते सातासमुद्रापलीकडे कसे पोहोचले?

त्यासाठी जवळपास दोनशे वर्षे मागे जावे लागेल. त्रिनिदादवर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. बेटावर उसाचे मोठमोठे मळे होते. या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. १८३४ साली इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा लागू झाला आणि १८३८ साली गुलाम पूर्णपणे मुक्त झाले. ज्या मळ्यात चाबकाचे फटके खाल्ले, त्याच मळ्यात पुन्हा कामाला जाण्याची त्यांतल्या अनेकांची इच्छा नव्हती. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ते त्यांनी हिंदुस्थानातून आणायचे ठरवले.

मजूर घेऊन त्रिनिदादला गेलेले पहिले जहाज म्हणजे 'फतेल रझाक'. नाव ऐकताच तुमच्या लक्षात आले असेल की, हे 'फत्‌ह अल्‌-रज्जाक' या अरबी नावाचे बिघडलेले रूप आहे. मुंबईच्या एका मुसलमान व्यापाऱ्यासाठी हे जहाज सागवानी लाकडात बांधले होते, असे सांगतात. १६ फेब्रुवारी १८४५ रोजी ते कलकत्त्याहून निघाले आणि ३० मे रोजी पोर्ट ऑफ स्पेन या बंदरात पोहोचले. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती. त्यानंतर १९१७ पर्यंत जहाजे येतच राहिली. या बाहत्तर वर्षांत सुमारे एक लाख त्रेचाळीस हजार माणसे त्रिनिदादला आली. बहुतेक लोक अवध, बिहार आणि आसपासच्या भागांतले होते. काही मद्रासच्या बंदरातून गेले. त्यांत हिंदू अधिक होते, मुसलमान कमी. मजूर गोळा करणारे दलाल या बेटाला 'चिनीदाद' म्हणत, म्हणजे चिनीचा, साखरेचा देश, अशी एक आठवण तिकडे अजून सांगतात. भुकेल्या माणसाला असे नाव गोड वाटले असेल, यात नवल नाही.

प्रत्यक्षात तिथे साखर होती ती दुसऱ्यांसाठी. मजुरांना पाच वर्षांचा करार पाळावा लागे. पुरुषाला दिवसाची मजुरी पंचवीस सेंट मिळे. पूर्वी गुलामांना ठेवत तशाच बराकीत एकेका खोलीत एकेक कुटुंब राही. मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर परवान्याचा कागद जवळ हवा. नसला तर तुरुंग ठरलेला. जहाजावर तीन महिने एकत्र काढलेली माणसे एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणू लागली. गाव, जात, धर्म यांची ओळख मागे पडली आणि हे नवे नाते तयार झाले. जहाजी भावाच्या मुलीला स्वतःच्या मुलीसारखे मानत. हे नाते पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले.

या लोकांनी आपल्या सामानात काय नेले? सामान फारसे नव्हतेच. जे नेले ते मनात आणि हातात. हातात होती ताशा वाजवण्याची कला.

ताशा तुम्हांला नवा नाही. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत आणि मोहरमच्या ताबुतांपुढे वाजतो तोच. उथळ भांड्यावर कातडे ताणून बसवलेले आणि दोन बारीक काठ्यांनी वाजवायचे हे वाद्य. त्रिनिदादमध्ये गेलेल्या मजुरांनी तिथल्या मातीची भांडी भाजली, त्यांवर बकऱ्याचे कातडे चढवले आणि ताशे तयार केले. १८५० नंतरच्या दशकात तिथल्या मळ्यांत मोहरम पाळण्यास सुरुवात झाली.

हिजरी सन ६१ मध्ये, म्हणजे इसवी सन ६८० साली, मोहरमच्या दहाव्या दिवशी करबलाच्या मैदानात हजरत इमाम हुसेन शहीद झाले. त्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मकबऱ्याची प्रतिकृती करून मिरवणुकीने नेण्याची प्रथा आपल्याकडे आहे. आपण तिला ताजिया किंवा ताबूत म्हणतो. त्रिनिदादमध्ये 'ताज्या' म्हणतात. मिरवणुकीत लोक 'या हुसेन' असा पुकारा करत. तेथील इंग्रजांनी आणि आफ्रिकी लोकांनी तो ऐकला आणि त्यांच्या कानांत त्याचे 'होसे' झाले. आजही त्या सोहळ्याचे नाव 'होसे' हेच आहे.

प्रत्येक मळ्याचा आपला ताबूत असे. बांबू, लाकूड आणि रंगीत कागद यांसाठी सगळे मळेकरी मजुरीतून वर्गणी देत. शिया, सुन्नी, हिंदू सारेच कामाला लागत. आफ्रिकी लोकही ढोल वाजवायला आणि ताबूत ओढायला येत. वर्षभर मुकादमाच्या हाका ऐकणाऱ्या माणसांना हे दहा दिवस स्वतःचे वाटत. सगळेच गोडीगुलाबीने चाले असे मात्र नाही. रस्त्यावर कोणत्या मळ्याचा ताबूत पुढे जाणार, यावरून भांडणे होत. कधी काठ्याही चालत.

१८८४ साल वाईट होते. युरोपात बीटपासून साखर निघू लागल्याने उसाच्या साखरेचे भाव कोसळले होते. मळेवाले त्याच मजुरीत जास्त काम मागू लागले. मजुरांनी जागोजाग संप केले. एवढी माणसे एकत्र जमतात, ढोल वाजवत शहरात शिरतात, याची सरकारला भीती वाटू लागली. त्या वर्षी सरकारने फर्मान काढले : होसेची मिरवणूक शहरात येता कामा नये; हिंदुस्थानी नसलेल्यांनी तिच्यात भाग घेऊ नये. या मनाईविरुद्ध गव्हर्नरकडे एक अर्ज गेला. तो करणाऱ्यांत पहिले नाव होते सुखू या हिंदू माणसाचे. मोहरमसाठी हिंदूने अर्ज करावा, यात त्या मळ्यांतील कोणालाच काही वेगळे वाटले नाही. अर्ज मात्र नामंजूर झाला.

३० ऑक्टोबर १८८४. आसपासच्या मळ्यांतून हजारो माणसे ताबूत घेऊन सान फर्नांडो शहराकडे निघाली. समुद्र शहराच्या पलीकडे होता; ताबूत समुद्रापर्यंत नेल्याशिवाय सोहळा पुरा होणार नव्हता. शहराच्या वेशीवर बंदुकधारी पोलीस उभे होते. मॅजिस्ट्रेटने इंग्रजीत इशारा वाचून दाखवला. ताशांच्या आवाजात तो कितीजणांनी ऐकला असेल आणि ऐकला त्यांपैकी कितीजणांना समजला असेल? मिरवणूक थांबली नाही. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मृतांचा आकडा कोणी सोळा देतात, कोणी बावीस. शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. चौकशीसाठी जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांना बोलावण्यात आले. त्यांनी पोलिसांना दोष दिला नाही. त्रिनिदादमधील लोक या घटनेला 'जहाजी हत्याकांड' असेही म्हणतात.

त्याच काळात त्याच सरकारने आणखी एक ढोल बंद केला होता. मुक्त झालेले आफ्रिकी लोक कार्निव्हलच्या सणात मशाली पेटवून, ढोल बडवत रस्त्यावर येत. 'कँबुले' हे त्या मिरवणुकीचे नाव. १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलिसांनी तिला अडवले आणि मोठी मारामारी झाली. मग १८८४ साली कायद्याने मशाली आणि ढोल यांवर बंधने आली. आता वाजवायचे काय? लोकांनी निरनिराळ्या लांबीचे बांबू तोडले आणि ते जमिनीवर आपटून ताल धरला. याला 'तांबू-बांबू' म्हणत. जवळपास पन्नास वर्षे बांबूंवर कार्निव्हल चालला.

बांबू फुटतात. १९३० नंतर कोणी बिस्किटांचे डबे, कोणी कचऱ्याच्या पेट्या, कोणी मोटारींचे सुटे भाग वाजवू लागले. डब्याला ठोका बसून खळगा पडला की आवाज बदलतो, हे पोरांच्या लक्षात आले. त्रिनिदादमध्ये खनिज तेल निघते, त्यामुळे तेलाच्या रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. एली मॅनेट, विन्स्टन 'स्प्री' सायमन, नेव्हिल ज्यूल्स, अँथनी विल्यम्स अशा तरुणांनी खटपट करून त्या पिंपातून सूर काढले. पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून वाडग्यासारखा खोलगट करायचा, त्यावर स्वरांच्या जागा आखायच्या, पिंप आगीवर तापवायचे आणि पुन्हा ठोकून एकेक स्वर जुळवायचा, अशी ही रीत आहे. या वाद्याला 'स्टीलपॅन' किंवा नुसते 'पॅन' म्हणतात. सुरुवातीला पॅन वाजवणाऱ्यांना सभ्य लोक उनाड समजत आणि पोलीस त्यांच्या मागे लागत. पण १९५१ साली त्रिनिदादचा एक स्टील-वाद्यवृंद लंडनच्या ब्रिटन महोत्सवात वाजवून आला आणि टीकाकारांची तोंडे बंद झाली. त्रिनिदाद आणि टोबॅगो हा देश ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला. १९९२ साली पॅन हे त्याचे राष्ट्रीय वाद्य ठरले. २०२३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ११ ऑगस्ट हा 'जागतिक स्टीलपॅन दिन' म्हणून जाहीर केला. ज्या लोकांचे ढोल काढून घेतले, त्यांनी भंगारातून सारा वाद्यवृंद उभा केला, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

सण वर्षातून एकदा येतात. रोजच्या जगण्यातही या लोकांनी एकमेकांना धरून ठेवले. आफ्रिकी लोकांची 'सूसू' नावाची एक पद्धत आहे. दहा-बारा माणसे दर आठवड्याला सारखी रक्कम काढतात आणि जमलेली सगळी रक्कम पाळीपाळीने एकेकाला देतात. म्हणजे आपली भिशीच! आपल्या घरातली आई किंवा खाला हे चांगले समजावून सांगतील. ना कागद, ना व्याज. विश्वासावर सगळे चालते. सूसूतून कोणी घराचे छप्पर घातले, कोणी मुलांची फी भरली. जमैकात हिला 'पार्टनर' म्हणतात आणि गयानात 'बॉक्स-हँड'. गावात कोणाचे घर बांधायचे असेल किंवा जमीन साफ करायची असेल, तर शेजारी मिळून काम करतात आणि घरमालक सर्वांना जेवण देतो. तिला 'गयाप' म्हणतात. आपल्याकडच्या खेड्यांत इर्जिक करतात, तसेच हे.

खाण्याचे तर विचारूच नका. रोटी आणि रस्सा आता सर्वांचाच झाला आहे. सकाळी रस्त्याच्या कडेला 'डबल्स' घेण्यासाठी रांग लागते. 'बारा' नावाच्या दोन मऊ तळलेल्या चपट्या वड्यांत मसालेदार चन्ना घालून हा पदार्थ देतात. १९३० नंतरच्या दशकात प्रिन्सेस टाऊन या गावातल्या दीन कुटुंबाने तो प्रथम विकायला काढला. पूर्वी एकच बारा मिळे. गिऱ्हाइके 'डबल द्या' म्हणू लागली, म्हणून नाव पडले डबल्स, अशी गोष्ट सांगतात.

भोजपुरी भाषा मात्र हळूहळू गेली. आज त्रिनिदादमध्ये लोक इंग्रजी आणि तिथली क्रिओल बोली बोलतात. पण वडिलांच्या आईला अजूनही 'आजी' आणि वडिलांच्या वडिलांना 'आजा' म्हणणारी कुटुंबे आहेत. भोजपुरीतला आजी हा शब्द मराठीतही आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो तिकडे ऐकताना गंमत वाटेल. २०११ च्या जनगणनेत सुमारे तेरा लाख लोकसंख्येपैकी पस्तीस टक्के लोक हिंदुस्थानी वंशाचे, चौतीस टक्के आफ्रिकी वंशाचे आणि उरलेले बहुतेक मिश्र वंशाचे होते. ईद आणि दिवाळी या दोन्ही दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते. ३० मे हा दिवस 'हिंदुस्थानी आगमन दिन' म्हणून पाळतात.

आणि होसे? गोळीबाराने तो संपला नाही. दक्षिणेतल्या मळ्यांमधून तो कमी होत गेला. पण सेड्रॉस या किनाऱ्यावरच्या गावात आणि पोर्ट ऑफ स्पेनमधल्या सेंट जेम्स या भागात टिकला. सेंट जेम्समधील रस्त्यांची नावे वाचली तर आपण कुठे आहोत असा प्रश्न पडेल : दिल्ली स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट, बॉम्बे स्ट्रीट. या भागात ताबूत करणारी घराणी ठरलेली आहेत. प्रत्येकाचे एक आवार असते. तिथे आडोसा करून कित्येक आठवडे ताबुताचे काम चालते. आत जाताना पायांतली वाहणे काढतात. काम करणारे या दिवसांत मांस आणि मद्य वर्ज्य करतात. पूर्वी सगळे काम बांबू आणि कागदाचे होते; आता थर्माकोल आणि चमकीचा कागदही वापरतात. दर वर्षी घुमटांचा आणि कमानींचा नवा नमुना करतात आणि मिरवणुकीच्या रात्रीपर्यंत तो कोणाला दिसू देत नाहीत.

पहिल्या रात्री निशाणे निघतात. दुसऱ्या रात्री लहान ताबूत. तिसरी रात्र मोठ्या ताबुतांची. ते माणसाच्या दुप्पट उंचीचे असतात आणि चाकांवर ढकलत नेतात. त्यांच्याबरोबर दोन मोठे चंद्र असतात : हिरवा हजरत इमाम हसन यांचा, तांबडा हजरत इमाम हुसेन यांचा. हे चंद्र फार जड असतात. एकच माणूस तो खांद्यावर घेऊन गोल फिरतो. तो थकला की दुसरा पुढे होतो. मध्यरात्रीच्या सुमारास दोन्ही चंद्र समोरासमोर येतात आणि एकमेकांना टेकतात. जणू दोघे भाऊ भेटतात. त्या क्षणी गर्दी शांत होते. फक्त ताशा वाजत असतो.

रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी शेकोट्या पेटवलेल्या असतात. दमट हवेने ताशाचे कातडे सैल पडते, म्हणून वादक ते शेकून घेतात. ताशाच्या प्रत्येक चालीला ते 'हात' म्हणतात. चालण्याचा हात वेगळा, युद्धाचा वेगळा, दफनाचा वेगळा. जाणकाराला डोळे मिटूनही मिरवणूक कुठवर आली ते कळते. वादकांमध्ये आफ्रिकी वंशाची मुलेही असतात. ज्यांना १८८४ च्या फर्मानाने या मिरवणुकीतून बाहेर ठेवले होते, त्यांचीच ही पणतवंडे.

होसेविषयी सर्वांचे एकमत नाही. त्रिनिदादमधील अनेक मुसलमानांना ही प्रथा मान्य नाही. दुसरीकडे, गर्दीतले काही लोक त्याला कार्निव्हल समजून नाचतात, मद्य पितात. ताबूत करणाऱ्या घराण्यांना याचे फार वाईट वाटते. हा शोकाचा प्रसंग आहे, करमणुकीचा नाही, हे ते पाहुण्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. काहीजण ऐकतात, काही ऐकत नाहीत.

चौथ्या दिवशी भर दुपारी ताबूत पुन्हा रस्त्यावर येतात. ही शेवटची फेरी. ताशा आता दफनाचा हात वाजवतो. त्यानंतर काही दिवसांनी ताबूत मोडून समुद्रावर नेतात. आठवडेच्या आठवडे जागून केलेले घुमट आणि कमानी लाटांच्या स्वाधीन होतात. १८८४ साली वेशीवर अडवलेली माणसे ज्या समुद्राकडे निघाली होती, तोच हा समुद्र.

शब्दार्थ

मळा – ऊस, भाजीपाला वगैरेंची मोठी शेती. बराक – मजुरांच्या राहण्याची लांब चाळ. मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा. फर्मान – सरकारी हुकूम. मनाई – बंदी. प्रतिकृती – हुबेहूब नमुना. वर्ज्य करणे – सोडून देणे, न घेणे. स्वाधीन करणे – ताब्यात देणे.

स्वाध्याय

१. 'जहाजी भाई' कोणाला म्हणत? हे नाते कसे तयार झाले?
२. १८८४ साली सरकारने होसेच्या मिरवणुकीला मनाई का केली?
३. तेलाच्या पिंपापासून पॅन कसा तयार करतात, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'मोहरमसाठी हिंदूने अर्ज करावा, यात त्या मळ्यांतील कोणालाच काही वेगळे वाटले नाही.' असे लेखकाने का म्हटले असेल?
५. तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यात भिशी चालत असेल, तर तिचे नियम मोठ्या माणसांना विचारा आणि आठ-दहा वाक्ये मराठीत लिहा.